सहा दिवसांत यिन योगाचा शिक्षक?

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या पंधरवड्यात आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच जाहिरात तीनदा फिरून आली. सहा दिवसांत यिन योगाचे शिक्षक व्हा, घरबसल्या, आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळेल. फी १८ हजार, लवकर भरली तर १२. जाहिरात कुणाची ते लिहीत नाही, कारण असं करणारे ते एकटेच नाहीत. माझ्या योगवर्गातल्या दोघींनी मला विचारलं, "ताई, भरू का पैसे?" त्यातली एक ब्लाउज आणि ड्रेस शिवून घर चालवते. मला तिला जे सांगायचं होतं ते दारात उभ्या उभ्या सांगून होण्यासारखं नव्हतं, म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, सांभाळून घ्यावं.

मी बडोद्याच्या दांडिया बाजारात राहते. १९ वर्षं एका रुग्णालयात एक्स-रे टेक्निशियन होते. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा ४८ व्या वर्षी नोकरी सोडली. त्यांची पाठ चोळता चोळता, त्यांना कुशीवर वळवता वळवता माझीच कंबर धरली आणि त्या निमित्ताने मी योगाकडे वळले. आधी योगशिक्षिकेचं २०० तासांचं शिक्षण घेतलं, मग यिन योगाचं दोनदा. दोनदा का घ्यावं लागलं, तेच खरं या पत्रात सांगायचं आहे.

यिन योग ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपण नेहमी करतो त्या वर्गात आसनात काही श्वास थांबून पुढे जातो, स्नायू कामाला लागतात, अंग तापतं. यिनमध्ये एकच आसन तीन ते पाच मिनिटं धरतात, कधी त्याहूनही जास्त, आणि तेवढा वेळ स्नायू सैल सोडतात. आसनं जवळजवळ सगळी बसून किंवा पडून करायची, आणि भर असतो खुबे, मांड्या आणि कंबरेवर. स्नायू सैल पडले की ताण सांध्याभोवतीच्या लिगामेंटवर, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांवर, आणि स्नायूंना वेढणाऱ्या पातळ आवरणांवर जातो. या ऊती चिवट असतात, झटक्याने बधत नाहीत, हलका भार बराच वेळ मिळाला तर हळूहळू सैलावतात. म्हणून ही मिनिटांची मोजणी. बद्धकोनासनासारखं आसन इथे फुलपाखरू होतं, पश्चिमोत्तानासनाचा सुरवंट होतो, सुप्त वीरासनाला सॅडल म्हणतात. नावं बदलण्याला कारण आहे. पश्चिमोत्तानासनात आपण पाठ लांब ठेवून खुब्यातून वाकतो, सुरवंटात पाठ गोल करून सोडून देतो. चित्र तेच दिसतं, काम वेगळं होतं.

यिन हा चिनी शब्द. मुळात त्याचा अर्थ डोंगराची सावलीतली बाजू. मे महिन्यात दुपारी रावपुऱ्यातून चालणारा प्रत्येक माणूस रस्त्याची कुठली बाजू धरतो ते आठवलं की या शब्दाला आणखी स्पष्टीकरण लागत नाही. अमेरिकेत मार्शल आर्ट शिकवणाऱ्या पॉली झिंक यांनी चीनच्या ताओ परंपरेतला योग १९७० च्या दशकाअखेरीपासून शिकवायला घेतला. पॉल ग्रिली त्यांच्याकडे शिकले, त्याला शरीरशास्त्राची आणि जपानी अभ्यासक हिरोशी मोतोयामा यांच्या विचारांची जोड दिली. यिन योग हे नाव रूढ केलं सारा पॉवर्स यांनी. म्हणजे या नावाने चालणारी पद्धत अजून पन्नास वर्षांचीही नाही.

'नुसतं पडून राहण्याला योग म्हणायचं का', असं मला आमच्या पोळीतले, म्हणजे गल्लीतले, काका लोक विचारतात. पतंजलींनी आसनाची व्याख्या करताना दोनच गोष्टी मागितल्या, स्थिर आणि सुख. पाच मिनिटं न हलता, दात न आवळता बसून बघा, मग बोलू, एवढंच मी म्हणते. हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. मला काळजी आहे ती शिकवणाऱ्यांची.

आता माझ्या जुन्या एक्स-रे खोलीत जरा या. खुब्याचा एक्स-रे काढताना पेशंटला पाठीवर झोपवतात, पाय सरळ, आणि दोन्ही पायांचे अंगठे साधारण १५ अंश आत वळवून घेतात. मांडीच्या हाडाची मान, म्हणजे वरचा गोळा आणि खालचा दांडा जोडणारा भाग, मुळात थोडी पुढे झुकलेली असते. अंगठे आत घेतले की ती फिल्मला समांतर येते आणि पूर्ण लांबीची दिसते. पाय तसेच राहावेत म्हणून बाजूने वाळूच्या पिशव्या लावायच्या. हे मी रोज करत होते. काहींचे अंगठे मी हात लावताच आत यायचे. काहींचे अर्ध्यावर अडायचे. सुरुवातीला मला वाटायचं, घाबरून आवळून धरलंय. "ढीला छोडो ने, काका," असं मी दहा वेळा म्हणायचे. काका बिचारे म्हणायचे, "बेन, ढीलोज छे." मग फिल्म हातात आली की दिसायचं, ते खरं बोलत होते. त्यांचं हाडच तिथपर्यंत वळणारं होतं.

१९ वर्षांत किती खुबे पाहिले त्याची मोजदाद मी ठेवली नाही. पण एवढं खात्रीने सांगते की दोन माणसांचे एकसारखे खुबे मला आठवत नाहीत. गोळा ज्यात बसतो ती खोबण एकाची जास्त पुढे तोंड करून असते, दुसऱ्याची बाजूला. कुणात गोळा खोल बसलेला, कुणात उथळ. एकाची मान लांब आणि बारीक, दुसऱ्याची आखूड, जाड. मान आणि दांडा यांच्यातला कोन पुस्तकात १२५ अंशांच्या आसपास दिलेला असतो, प्रत्यक्षात तो कुणाचा कमी, कुणाचा जास्त. कित्येकदा एकाच माणसाचा डावा आणि उजवा खुबाही जुळत नाही.

याचा योगाशी संबंध असा. फुलपाखरात बसल्यावर ज्याचे गुडघे जमिनीला टेकतात तो आपल्याला तयार वाटतो आणि ज्याचे गुडघे वर राहतात तो कडक, आळशी, नाहीतर भित्रा. त्यातल्या काहींचे स्नायू कडक असतातही, ते महिनोन्महिने केल्यावर सैल होतात. पण काहींच्या बाबतीत मांडीच्या हाडाची मान खोबणीच्या कडेला लागलेली असते. हाडाला हाड लागलं की पुढे जायला जागाच नाही. तिथे दहा वर्षं बसलात तरी गुडघा खाली जाणार नाही आणि बळाने दाबलात तर मध्ये सापडणारी कूर्चा, म्हणजे सांध्यातली गादी, झिजेल. हा फरक बाहेरून डोळ्यांना दिसत नाही. तो विचारून कळतो. मांडीच्या आतल्या बाजूने लांबवर ओढ जाणवते आहे की जांघेत सांध्याच्या आत चिमटा बसल्यासारखं होतंय? ओढ असेल तर थांबायला हरकत नाही. चिमटा असेल तर तिथून बाहेर यायचं, पाय थोडे लांब करायचे, आसन बदलायचं. ग्रिलींच्या शिकवण्याचा कणा हाच आहे आणि माझ्या मते यिन योगाने दिलेली सगळ्यात मोलाची गोष्टही हीच आहे.

योगात आत काय घडतं ते तपासून पाहायचं, हे बडोद्याला तरी नवीन वाटायला नको. डभोईला १८८३ साली जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे बडोदा कॉलेजात शिकले. आमच्याच भागातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात प्रो. माणिकरावांच्या हाताखाली त्यांनी व्यायामाचे धडे घेतले. पुढे नर्मदाकाठच्या मालसरला परमहंस माधवदासजींकडे गेले. आज आपण त्यांना स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखतो. लोणावळ्याचं कैवल्यधाम १९२४ चं, पण त्याच्या आधीच, १९२०-२१ मध्ये, त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयातल्या प्रयोगशाळेत आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन उड्डियान आणि नौली या पोटाच्या योगक्रियांच्या तपासण्या केल्या होत्या. माधवदासजींचेच दुसरे शिष्य श्री योगेंद्र, ज्यांनी १९१८ मध्ये मुंबईत वर्सोव्याला योग संस्था काढली. रुग्णालयातल्या आयुष्यात मला यातलं काही ठाऊक नव्हतं. ज्या दिवशी वाचलं त्या दिवशी मी चहा गॅसवर ठेवून विसरले होते. आपल्या गावात शंभर वर्षांपूर्वी एक माणूस योग घेऊन रुग्णालयात गेला होता, आणि मी रुग्णालयातून योगाकडे आले होते.

माझे वडील लहानपणी माणिकरावांच्या आखाड्यात मल्लखांबाला जात. ते सांगायचे, नवा मुलगा आला की वस्ताद त्याला मल्लखांबाला लगेच हात लावू देत नसत. आधी मातीवरून चालायला लावायचे, बसायला, उठायला लावायचे, आणि नुसते बघत उभे राहायचे. किती दिवस? "त्यांचं बघून होईपर्यंत," असं वडील म्हणायचे.

माझं पहिलं यिन प्रशिक्षण ५० तासांचं होतं, बडोद्याबाहेर, आठ दिवस राहून. जागा सुंदर होती, जेवण सात्त्विक, माणसं गोड बोलणारी. आम्ही २२ जणी-जणं होतो. पहाटे सराव, मग तत्त्वज्ञान, मग ध्यान. शरीरशास्त्राला तीन तास दिले, तेही पडद्यावर चित्रं दाखवून. आणि प्रत्येकीच्या हातात छापील संहिता दिली. पहिल्या मिनिटाला काय बोलायचं, दुसऱ्याला काय, तिसऱ्याला काय. त्यातलं एक वाक्य मला अजून बोचतं. मर्यादा शरीरात नाही, मनात आहे, असं ते होतं.

शिकवण्याचा सराव आम्ही एकमेकींवरच केला. आमच्यात बहुतेक जणी तिशीतल्या, काटक, रोज योग करणाऱ्या. गुडघा बदललेला एकही माणूस नाही, पोट सुटलेला नाही, जमिनीवरून उठताना खुर्ची धरणारा नाही. म्हणजे घरी गेल्यावर जी माणसं आमच्या वर्गात येणार होती, त्यांच्यापैकी कुणालाच आम्ही तिथे पाहिलं नाही. साठीला टेकलेल्या एकच बाई होत्या. पाचव्या दिवशी फुलपाखरात त्यांचे गुडघे वर राहिले, तेव्हा मदतनीस मुलाने त्यांच्या मांड्यांवर वाळूच्या पिशव्या ठेवल्या. अगदी आमच्या एक्स-रे खोलीतल्यासारख्या. "मन अडवतंय, श्वास सोडा," असं तो हळू आवाजात म्हणत होता. मी चार फुटांवर बसले होते. त्यांचे गुडघे बघून मला त्या अर्ध्यावर अडणाऱ्या अंगठ्यांची आठवण झाली होती. मी बोलायला हवं होतं. शिकायला आलेल्याने मध्ये बोलू नये, हा संस्कार आडवा आला आणि मी गप्प राहिले. त्या बाई पुढचे दिवस भिंत धरून चालत होत्या. प्रमाणपत्रं वाटली त्या संध्याकाळी त्या आपल्या खोलीतच होत्या.

तरीही प्रमाणपत्र घेऊन मी घरी आले आणि महिन्याभरात मंडळाच्या सभागृहात वर्ग सुरू केला. आता जे सांगते ते सांगायला मला जड जातं.

श्रावणातली सकाळ होती, बाहेर पाऊस. वर्गाला नऊ जण होते. त्यात प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक काका, ६६ वर्षांचे, शिस्तीचे, कधी गैरहजर नाहीत. मी सॅडल घ्यायला सांगितलं. गुडघे दुमडून, टाचांवर बसून, मागे लोडावर टेकायचं. काका मागे टेकले. मी टायमर लावला, चार मिनिटं. आणि संहितेतलं वाक्य म्हटलं, "आता अजिबात हलायचं नाही, जे येईल त्याच्याकडे बघत राहा." मग मी डोळे मिटून बसले. शिक्षकाने स्वतः शांत बसावं, असं आम्हाला शिकवलं होतं.

घंटा वाजली. सगळे हळूहळू उठले. काका कुशीवर वळले, पाय सरळ केला, उभे राहिले आणि त्यांचं उजवं पाऊल फरशीवर घासत गेलं. पुढचा भाग उचलताच येईना. चप्पल घालायला गेले तर अंगठा पट्ट्यात शिरेना. त्यांनी मला काही म्हटलं नाही. मी त्यांना खुर्चीत बसवलं, पायाशी जमिनीवर बसले आणि पाऊल वर ओढायला सांगत राहिले. साधारण २५ मिनिटांनी अंगठा हलला, मग पाऊल उचललं गेलं. तेवढ्या वेळात माझ्या डोळ्यांपुढून काय काय गेलं ते लिहवत नाही. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, पिंढरीच्या बारीक हाडाच्या डोक्याखालून एक नस जाते, अगदी कातडीलगत. गुडघा पूर्ण दुमडून त्यावर भार दिला की ती दबते. वज्रासनात फार वेळ बसून पाऊल लुळं पडल्याची नोंद अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात १९७१ मध्येच छापून आली आहे. माझ्या ५० तासांत त्या नसेचं नाव एकदाही निघालं नव्हतं.

मी विचारलं, "काका, मुंग्या आल्या तेव्हा सांगितलं का नाहीत?" ते म्हणाले, "आल्या ना, दीड मिनिटातच आल्या. पण तुम्हीच म्हणालात ना ताई, हलायचं नाही."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे मीच त्यांना घेऊन गेले. पाय पूर्ण बरा होता. पण वर्ग मी बंद केला आणि पुन्हा शिकायला निघाले.

दुसरं प्रशिक्षण पाच महिन्यांचं होतं, दर शनिवार-रविवार. शिकवणाऱ्या बाई मूळच्या फिजिओथेरपिस्ट. पहिल्या दिवशी त्यांनी टेबलावर मांडीच्या हाडाचे दोन नमुने ठेवले आणि दोन्ही मान भिंतीकडे करून लावायला सांगितल्या. मान जुळवल्या तेव्हा एकाचा गुडघा समोर बघत होता, दुसऱ्याचा तिरका. मी तर हे १९ वर्षं पाहत होते. बाकीच्यांचे चेहरे मात्र बघण्यासारखे झाले. एक मुलगी म्हणाली, "म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीला मी उगाच रागावत होते."

त्यांनी आम्हाला प्रत्येकी तीन माणसं शोधायला सांगितली, ५५ च्या पुढची, कधीच योग न केलेली. सहा आठवडे त्यांना आठवड्यातून दोनदा शिकवायचं आणि वही ठेवायची. वहीत आसनाचं नाव नाही लिहायचं, फक्त त्या माणसाला कुठे काय जाणवलं ते त्याच्याच शब्दांत. 'मांडीमागे रबर ताणल्यासारखं.' 'गुडघ्याच्या आत टोचतं.' 'काही नाही, झोप आली.' बाई दर रविवारी लाल पेनाने वही तपासायच्या. माझ्या वहीत एका ठिकाणी लिहिलं होतं, "छान वाटलं." त्याखाली त्यांनी लिहिलं, "कुठे?" ती वही माझ्याकडे आजही आहे. माझ्या भिंतीवर प्रमाणपत्र नाही, पण ती वही मी वर्गाला जाताना पिशवीत घेते.

डोळे मिटायचे नाहीत, हे त्यांनी शिकवलं. वर्गातले डोळे मिटतील, शिक्षकाने नाही. तिसऱ्या मिनिटानंतर चेहरा बघायचा नाही, चेहरा खोटं बोलतो, माणसं भिडेपोटी शांत चेहरा ठेवतात. पायाची बोटं बघायची. बोटं आत वळून चटईला धरू लागली की माणूस सहन करतोय. जबडा बघायचा, हाताची मूठ बघायची. श्वास वर छातीत अडकला की उठून त्याच्याजवळ जायचं आणि गुडघ्याखाली गोधडीची एक घडी वाढवायची. कुणाला मुंग्या आल्या, बधिर झालं, करंट गेल्यासारखं वाटलं तर लगेच बाहेर, तिथे मिनिटांचा हिशेब नाही. माझ्या वर्गात आता पहिलं वाक्य हे असतं की हलायला परवानगी लागत नाही.

आणि बाहेर येणं! जाहिरातीत दाखवतात ते आसनात जाणं. पाच मिनिटं धरल्यावर सांधा क्षणभर परका झालेला असतो. हाताने आधार देऊन पाय जवळ आणायचा, पाठीवर झोपायचं, मिनिट-दोन मिनिटं काही करायचं नाही, मग पुढचं. पहिल्या प्रशिक्षणात याला आम्ही आठ-दहा सेकंद दिले असतील.

बोलण्याबद्दलही. नवा शिक्षक शांततेला घाबरतो, म्हणून बोलत सुटतो. बाईंनी आम्हाला एक तासाचा वर्ग मोजून १२ वाक्यांत घ्यायला लावला. माझी नऊ वाक्यं पहिल्या आसनातच संपली होती. पुढचा पाऊण तास मी नुसती बघत बसले, आणि त्या पाऊण तासात मला जेवढं कळलं तेवढं आधीच्या अख्ख्या वर्षात कळलं नव्हतं. वडिलांचे वस्ताद मला तेव्हा आठवले.

चिनी नाड्यांचा भागही यिनच्या शिक्षणात असतो. मूत्रपिंडाची, यकृताची, पित्ताशयाची नाडी कुठून जाते, कुठलं आसन कुठल्या नाडीसाठी. मी तो मन लावून शिकले आणि त्यातल्या विचाराचा आदरही करते. पण या आसनाने लिव्हर साफ होतं, साखर उतरते, असं मी वर्गात कधी म्हणत नाही. साखरेच्या गोळ्या घेणारी माणसं समोर बसलेली असतात आणि शिक्षिकेचं बोलणं ती फार मनावर घेतात.

जाहिरातीत जिचा फोटो होता त्या मुलीबद्दल एक सांगायचं राहिलं. पाय कानाशी नेलेली ती मुलगी यिनसाठी आदर्श वाटते. खरं तर ज्यांचे सांधे मुळातच सैल आहेत त्यांना यात जास्त जपावं लागतं. त्यांना ओढ जाणवतच नाही, म्हणून ती खोल खोल जातात आणि सगळा भार लिगामेंटवर घेतात. हाडं ठिसूळ झालेल्या बाईला पाठ गोल करून वाकवणं धोक्याचं, मणक्याला इजा होऊ शकते. खुबा बदललेल्याला काही कोन वर्ज्यच. गरोदर बाईचे सांधे तसेही सैल झालेले असतात. हे सहा दिवसांत पडद्यावर बघून पाठ होईलही, पण माणूस समोर आल्यावर सुचायला हवं ना.

आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र या शब्दाचाही उलगडा व्हायला हवा. योगा अलायन्स ही अमेरिकेतली खासगी संस्था. ती संस्थांची आणि शिक्षकांची नोंदणी ठेवते. तिचा शिक्का प्रमाणपत्रावर असला म्हणून तुम्हाला शिकवताना कुणी बघितलं आहे असं होत नाही. आपल्याकडे आयुष मंत्रालयाचं योग प्रमाणन मंडळ आहे, तिथे लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा देता येते, पण खासगी वर्ग काढायला ती सक्तीची नाही. मी उद्या सभागृह भाड्याने घेऊन पाटी लावली तर कुणी विचारायला येणार नाही. म्हणूनच शिकणाऱ्याने आणि वर्गाला जाणाऱ्याने विचारायला हवं. शिक्षण देणाऱ्यांना विचारा की मी किती तास खऱ्या माणसांना शिकवणार, आणि तेव्हा बघायला कोण असणार. उत्तर गोलमाल आलं तर पैसे पिशवीतच राहू द्या. वर्गाला जाणाऱ्यांनी तर पहिल्या दिवशी एवढंच पाहावं की शिक्षक आपल्याला दुखणी विचारतो का, आणि ऐकून घेतो का.

आपल्या वृत्तपत्राला माझी विनंती आहे. असे अभ्यासक्रम घेणाऱ्यांकडून पायाभूत अशा या गोष्टी विचारून घेऊन आपण एखाद्या पुरवणीत छापाव्यात, तास किती, प्रात्यक्षिक किती, शरीरशास्त्र कोण शिकवतं. आणि बडोद्यातल्या मराठी मंडळांना, व्यायामशाळांना सांगायचंय की सकाळची रिकामी सभागृहं शिकाऊ शिक्षकांना द्या. तुमचे ज्येष्ठ सभासद त्यांच्यापुढे बसतील, एखादा अनुभवी माणूस कोपऱ्यातून बघेल. अशी एक खोली कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा जास्त शिकवेल.

शिवणकाम करणाऱ्या त्या माझ्या विद्यार्थिनीला मी पैसे भरू नकोस म्हटलं आणि वर्गात माझ्याशेजारी भिंतीला टेकून बसायला बोलावलं, आसनं न करता, नुसतं बघायला. तिसऱ्या दिवशी ती हळूच म्हणाली, "ताई, त्या निळ्या साडीच्या काकूंचा उजवा खुबा उंच आहे. मापं घेताना कुणाच्याच दोन बाजू सारख्या येत नाहीत, मी उजवी-डावी वेगळी कापते." मी पाहिलं, खरंच होतं. काकूंच्या डाव्या बैठकीखाली आम्ही गोधडीची घडी सरकवली आणि इतके दिवस कुरकुरणारी त्यांची कंबर त्या दिवशी शांत राहिली. आता ती माझ्याकडे शिकते आहे. मी तिच्याकडून फी घेत नाही, तिने मला सहा लोडांच्या खोळी शिवून दिल्या.

कुणाला असं बसून बघायचं असेल त्यांनी जरूर यावं. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सव्वासहाला वर्ग असतो. प्रशिक्षण कुठे घेतलं, घेतलं की नाही, मी विचारणार नाही. पत्ता आपल्या कार्यालयात देऊन ठेवला आहे. माझं नाव मात्र छापू नये ही विनंती, कारण त्यावरून ती पहिली संस्था ओळखली जाईल आणि माझं भांडण कुण्या एकाशी नाही. येताना एक जुनी गोधडी आणि वही आणावी.

आपली नम्र,
एक यिन योगशिक्षिका
दांडिया बाजार, वडोदरा